देवकाबाई आणि हिरवं रक्त

देवकाबाईंनी चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे अकरा उपचार पचवले होते, आणि त्यातला एकही घशाखाली उतरू दिला नव्हता. गल्लीतल्या बायकांना हा आकडा पाठ होता. ज्यांना नव्हता त्यांना इतर बायका सांगत.

नवरा म्हणजे प्रभाकरराव. सेलूच्या बाजार ओळीत त्यांचं कृषी केंद्र, मागे घर. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दिवसभर दुसऱ्याच्या पिकाला औषध सांगणाऱ्या या माणसाला घरी आल्यावरही कुणाला तरी औषध सांगितल्याशिवाय जेवण जात नसे. ब्याण्णव साली त्यांनी कमरेला लोहचुंबकाचा पट्टा बांधला. तो जाता येता तराजूच्या वजनांना चिकटायचा आणि गिऱ्हाईक हसायचं. सत्त्याण्णव साली कोरफडीचा रस आला. दोन हजार साली पहाटे उठून तांब्याच्या भांड्यातलं चार लिटर पाणी. त्या वर्षी दुकान उघडायला रोज दहा वाजत, का ते गल्लीला माहीत होतं.

या सगळ्यावर देवकाबाईंचा एकच उतारा होता, आणि तो दोन अक्षरांचा होता. "बरं," असं म्हणायचं, ग्लास घ्यायचा, परसात जायचं आणि कढीपत्त्याच्या बुडाशी रिकामा करायचा. कढीपत्ता दांडगा झाला होता. प्रभाकररावांना खरं कळलं असतं तर त्यावरूनही त्यांनी कोरफडीचा गुण सिद्ध केला असता.

तोंडानं वाद घालणं देवकाबाईंना येत नव्हतं असं नाही. जामकडच्या कास्तकाराची लेक ती, वावरात वाढलेली. पण सत्तर साली लग्न होऊन आल्यावर पहिल्या महिन्यातच त्यांच्या लक्षात आलं की या माणसाशी वाद घातला तर तो दोन तास चालतो आणि "बरं" म्हटलं तर दोन मिनिटांत दुकानात जातो. बाईनं सोयीचं ते धरलं. घर त्यांच्याच मर्जीनं चालत होतं. फक्त ते नवऱ्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

दोन हजार चार सालच्या जानेवारीत सून सपना पाचव्या महिन्यात होती. देवकाबाईंनी तिला एकदा कोठीत उभ्या उभ्या कच्चे तांदूळ चघळताना पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून बघितली आणि दुसऱ्या दिवशी तिला बसनं सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. रक्त सात पूर्णांक दोन निघालं. डॉक्टरीणबाईंनी लाल गोळ्या लिहून दिल्या. रोज एक, जेवण झाल्यावर, लिंबूपाण्यासोबत, चहासोबत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू, वाढलं नाही तर बाटली चढवावी लागेल, असं सांगितलं.

मुलगा अंकित बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर जायचा. बापासमोर तो तोंड उघडायचा ते फक्त जेवायला. म्हणजे सपनाच्या रक्ताचं जे काय व्हायचं ते सासू आणि सासरा या दोघांत व्हायचं होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात प्रभाकरराव वर्ध्याच्या एका मंगल कार्यालयात तीन दिवसांचं शिबिर करून आले. शिबिर घेणारा गृहस्थ महाराज नव्हता, डॉक्टरही नव्हता, मधलाच कुणीतरी होता. कुर्ता पिस्त्याच्या रंगाचा. येताना प्रभाकररावांनी तीन वस्तू आणल्या. हातानं फिरवायचं रस काढायचं यंत्र, शेवाळाच्या गोळ्यांची बरणी आणि चाळीस पानांचं पुस्तक. मुखपृष्ठावर काचेचा ग्लास, त्यात हिरवं पाणी, खाली लिहिलेलं, 'हिरवं रक्त'.

गव्हाचे कोंब परातीतल्या मातीत वीतभर वाढवायचे, कापायचे, पिळायचे, उपाशीपोटी प्यायचे. देवकाबाईंना यात नवल ते काय वाटणार. नवरात्रात घटातला गहू त्यांच्यासारखा गल्लीत कुणाचा उगवत नसे. दसऱ्याला तो तुरा पुरुषमंडळी टोपीत खोवत. टोपीत खोवायची वस्तू पोटात घालायची असते, हे तेवढं नवीन होतं.

"सपना, आजपासून ह्या लाल गोळ्या बंद," प्रभाकररावांनी जाहीर केलं. "पोट कडक होते म्हून तूच रडून राह्यली होती ना?"

"हो मामाजी, पन डॉक्टरीनबाईनं सांगतलं का..."

"डॉक्टरीनबाई पुस्तकातलं सांगते."

"अन् हे काय हाये?" देवकाबाईंनी त्यांच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत विचारलं.

"हे अनुभवातलं हाये. आयक. रक्ताचा रंग अन् पानाचा हिरवा रंग, दोघाईची बनावट एकच. फक्त मधला एक दाना येगळा. मंग पान पेलं का रक्तच झालं ना?"

रक्तातला तो मधला दाणा म्हणजेच लोह, आणि सपनाच्या अंगात नेमकं तेवढंच कमी होतं. पण ही शंका मंगल कार्यालयात दोनशे माणसांपैकी कुणी काढली नव्हती, तर सेलूच्या स्वयंपाकघरात कोण काढणार. प्रभाकररावांनी गोळ्यांची पाकिटं उचलली आणि दुकानाच्या गल्ल्यात टाकली. गल्ल्याची किल्ली जानव्याला.

"बरं," देवकाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परसात प्रभाकरराव घमेल्यात गहू धूत बसले होते. पाणी गुलाबी झालं होतं. देवकाबाईंनी ते पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली.

"हा दुकानातला गहू होय ना? पेरनीचा?"

"सर्टिफाईड हाये. पंच्याऐंशी टक्के उगवन, लेबलवरच लिहेल हाये. घरच्या गव्हाची ग्यारंटी कोन देते?"

रब्बीची पेरणी होऊन गेली होती आणि बियाण्याच्या सात थैल्या दुकानात उरल्या होत्या. पेरणीच्या बियाण्याला किडी-बुरशीसाठी विषारी पावडर लावलेली असते. ते खाऊ नये म्हणूनच तिला गुलाबी रंग देतात. हे महाराष्ट्रात कुणाला माहीत नसेल तर चालेल, पण प्रभाकररावांना माहीत होतं. ते स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत, की पेरून झालं का हात साबणानं धुवा. पण तीस वर्षं ज्या माणसानं मालाची पारख उगवणीच्या टक्क्यावर केली, त्याला पंच्याऐंशी टक्के हा शब्द म्हणजे गंगाजळ.

"कास्तकाराले तुमीच हात धुवाले सांगता," देवकाबाई म्हणाल्या.

"तीन पान्यानं धुतो ना मी. पावडर बाहेरून असते. कोंबात कायले येते?"

देवकाबाईंच्या आईच्या दोन कोंबड्यांनी एकदा वावराच्या धुऱ्याला, बांधावर सांडलेलं असलंच बियाणं टिपलं होतं. संध्याकाळी दोन्ही गोठ्यामागे पाय ताणून पडल्या होत्या. कोंबड्यांनी ते धुतलं नव्हतं, हे खरं.

"बरं," असं म्हणून देवकाबाई आत गेल्या. आणि नवरा तो गहू परातींत पेरून दुकानात बसल्यावर त्यांनी गुलाबी गव्हाच्या चारही पराती परसाच्या टोकाला खड्ड्यात उपड्या केल्या, नवीन माती भरली आणि घरच्या कोठीतला लोकवन गहू पेरला. पुढंही दर पेरणीला हेच. दुपारी त्या उपकेंद्रात गेल्या. नर्सबाई ओळखीच्या. लाल गोळ्यांची पाकिटं पदरात बांधून आल्या आणि मुगवड्यांच्या डब्यात तळाशी ठेवली.

"आई, मामाजीले समजलं तं?" सपनानं विचारलं.

"त्यायले मुगवड्या आवडत नाई. त्या डब्यात त्यायचा हात गेला नाई चौतीस वर्षांत."

रोज दुपारी जेवण झालं की अर्धं लिंबू, पाणी आणि एक लाल गोळी. त्यानंतर तासभर चहा नाही. सपना कुरकुरली तरी नाही. ताटात चवळीची, पालकाची भाजी, उसळ, गूळ-शेंगदाणे. देवकाबाईंना पानाचं वैर नव्हतं. पान शिजवून, फोडणी देऊन, भाकरीसंगं खायचं असतं, आणि तरी औषध ते औषध, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सकाळी सात वाजता प्रभाकरराव यंत्राचा दांडा फिरवत आणि अर्धा ग्लास हिरवं पाणी घेऊन सुनेसमोर उभे राहत. ती डोळे मिटून पीत असे. आठवड्यातून तीनदा ते मोरीत परत यायचं.

"उलटी झाली का? चांगलं हाये. आतली घान निंगून राह्यली," प्रभाकरराव म्हणत. असल्या औषधांची हीच गंमत. पोटात राहिलं तर गुण आला, बाहेर पडलं तर घाण गेली. हरायची सोयच ठेवलेली नसते.

सहा आठवड्यांनी सेवाग्रामला तपासलं तर रक्त नऊ पूर्णांक आठ.

त्या रिपोर्टाची झेरॉक्स त्याच संध्याकाळी कृषी केंद्रात तणनाशकाच्या कॅलेंडरशेजारी टाचणीनं लागली. प्रभाकररावांनी आकड्याखाली हिरव्या स्केचपेननं दोन रेघा मारल्या. युरियाला आलेला माणूस अंकुरित गव्हाची परात घेऊन जाऊ लागला. शेवाळाच्या गोळ्यांची बरणी काउंटरवर आली. नानाजी नावाचे एक जुने गिऱ्हाईक होते. त्यांनी बरणी उलटीपालटी करून वास घेतला.

"प्रभाकरराव, हे शेवाळच होय ना?"

"सुपर आहार हाये."

"आमच्या हिरीत गाडीभर हाये ना बाप्पा. आमी ते काढाले मानसं लावतो."

सगळे हसले. पण हसणाऱ्यांतल्या दोघांनी जाताना परात नेली. एवढ्या पराती भरायच्या म्हणजे गहू लागणार, आणि गहू कोणता, तर सात थैल्यांतला.

देवकाबाईंना सगळं दिसत होतं. पण सुनेच्या गालांवर रंग आला होता, आणि त्यांना वाटलं, फुशारकी मारतो तर मारू दे. आपलं काम झालं. घरातलं खोटं घरात राहील असं त्या धरून चालल्या. चौतीस वर्षं "बरं" म्हणून निभावलं होतं, त्याची सवय.

शेजारच्या शकुंतलाबाईंची लेक अपेक्षा पहिल्या बाळंतपणासाठी हिंगणघाटहून माहेरी आली होती. मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी देवकाबाई पापड वाळत घालायला बाहेर आल्या, तर अपेक्षा ओट्यावर पाय पसरून बसलेली. ओढणीच्या गाठीतून काहीतरी काढून तोंडात टाकत होती. कच्चे तांदूळ.

"गोळ्या घेतं का पोरी?"

"नाई काकू. काका म्हने, रस चालू झाला का गोळीचं काम नाई. सपनावहिनीचंच पाहाय, म्हने." ती उठून उभी राहिली आणि एवढ्यानंच तिला धाप लागली. "मले बी बरंच झालं. त्या गोळीनं मळमळ होते."

ओट्याच्या कोपऱ्यात परात होती. मातीवर पडलेली गव्हाची टरफलं गुलाबी होती.

देवकाबाईंची धाकटी बहीण बायना चौऱ्याहत्तर साली जामला बाळंत झाली होती. तीही अशीच पांढरी फटक, तीही तांदूळ चघळायची. बाळंतपणात रक्त गेलं ते थांबलं नाही. सडकेवर ट्रक थांबवून तिला चढवेपर्यंत ती संपली. लेकरू दोन दिवस जगलं. देवकाबाई त्याबद्दल कधी बोलत नसत. त्या दिवशी पापड अर्धे वाळत घातले आणि अर्धे तसेच राहिले.

आधी त्यांनी शकुंतलाबाईंना बाजूला घेतलं. "तिच्या गोळ्या सुरू कर. रसानं काई होत नाई."

शकुंतलाबाईंनी पदर खोचला. "तुमच्या सुनेचं वाढलं ते चालते वाटते. माह्या पोरीचं वाढाची पाळी आली तं रसानं काई होत नाई. वा वो बाई."

मग नवऱ्याला. ते जेवत होते. "शकुंतलेच्या पोरीले गोळ्या घ्याले सांगा. अन् तो गहू बंद करा."

"अंकितची माय, तुले वावरातलं समजते. मेडिकलमधलं नको सांगू." त्यांनी वरण वाढायची खूण केली. "अन् झेरॉक्स लागली हाये दुकानात. आकडा खोटा बोलते का?"

आकडा खोटा बोलत नव्हता. तो बोलत होता तो देवकाबाईंच्या मुगवड्यांच्या डब्याबद्दल, आणि हे ठाऊक असलेली माणसं घरात दोनच होती. त्यांच्या "बरं"नं सपना वाचली होती, आणि त्याच "बरं"नं शेजारची पोरगी तांदूळ चघळत बसली होती. देवकाबाईंनी वरण वाढलं. "बरं" मात्र म्हटलं नाही. प्रभाकररावांच्या ते लक्षात आलं नाही.

रविवारी सपनाचं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, हिरवा चुडा, मोगऱ्याचे दागिने. पंचवीस-तीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. अपेक्षालाही शेजारच्या पाटावर बसवून ओटी भरली. प्रभाकररावांना बायकांच्या कार्यक्रमात काही काम नव्हतं. म्हणून ते स्टीलचा जग घेऊन दारात उभे होते. दोघी गर्भारणींना रस देऊन मगच जेवायला बसवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. अपेक्षाच्या हातात ग्लास दिलाही होता.

मग दोन वाट्यांचा खेळ आला. ताटात दोन वाट्या उपड्या ठेवायच्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. गर्भारशीनं एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि काहीही निघालं तरी बायकांना हसायला कारण.

देवकाबाईंनी ताट आणून मधोमध ठेवलं. "सपनाचं मागून. अगोदर अपेक्षा उघडन."

"तुमच्या घरच्या डोहाळजेवनात?" शकुंतलाबाई फुशारल्या.

अपेक्षानं उजवी वाटी उचलली. खाली गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, चपटी, एकावर एक रचलेली.

"दुसरी बी उघड," देवकाबाई म्हणाल्या.

दुसरीखाली मूठभर गुलाबी गहू.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीला हा नवीन काही खेळ वाटला आणि ती हसली, मग थांबली.

"हे सपनाचं वाढलेलं रक्त," पाकिटांवर बोट ठेवून देवकाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. कुणाला भाजी वाढतानाचा आवाज होता. "सहा हप्ते, रोज दुपारी, माह्या हातानं. रसानं नाई वाढलं. मी सांगतलं नाई, ते माहं चुकलं. अन् हा दुसरा, तुमी आपापल्या परातीत पेरला तो. वास घेऊन पाहा. पेरनीचा हाये."

"अंकितची माय." प्रभाकररावांचा जग तिरपा झाला होता. "हे सांगाची जागा हाये का?"

"जागा तुमीच निवडली. जग घेऊन आले तुमी."

"सपना, खरं होय का हे?"

सपनानं डोक्यावरचा मोगरा सावरला. "हो मामाजी. मुगवड्यांच्या डब्यात होत्या."

शकुंतलाबाईंनी चिमूटभर गहू नाकाशी नेला. त्यांचंही माहेर शेतकऱ्याचं. दुसऱ्यांदा वास घ्यावा लागला नाही. त्यांनी लेकीच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि दाराकडे वळल्या.

"भाऊजी, हे धुतलं तरी होतं का?"

प्रभाकररावांना त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. पण माणूस दुकानदार, मालाबद्दल विचारलं तर उत्तर द्यायचंच.

"तीन पान्यानं," ते म्हणाले. "अपेक्षाचं चार."

मग मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "मंग तं फिटलं माय," आणि अख्ख्या खोलीला हसू फुटलं. प्रभाकररावांनी जग ओट्यावर ठेवला आणि रविवार असूनही दुकान उघडायला गेले.

पेढा आणि बर्फी देवकाबाईंच्या पदरात बांधलेली होती. ती त्यांनी दोघींना अर्धी अर्धी वाटून दिली.

सोमवारी पहिल्या बसनं अपेक्षा, शकुंतलाबाई आणि देवकाबाई सेवाग्रामला गेल्या. निघताना देवकाबाईंनी नवऱ्याला सांगितलं नाही, विचारलंही नाही. भात झाकून ठेवलाय एवढं म्हणाल्या. रक्त सहा पूर्णांक सहा निघालं. डॉक्टरीणबाईंनी पोरीला तिथंच ठेवून घेतलं, दोन बाटल्या चढवल्या आणि गोळ्या चुकवल्या तर बघ असा दम दिला. अपेक्षा रडली, मग गोळी घेतली. पोरीचे कपडे आणायला परतताना शकुंतलाबाईंनी बसमध्ये देवकाबाईंना खिडकीची जागा दिली. माफी मागायची त्यांची तीच तऱ्हा.

प्रभाकरराव आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते असं, की गहू चुकला होता, रस नाही चुकला. उरलेल्या थैल्या त्यांनी गुपचूप परत पाठवल्या. शेवाळाची बरणी मुदत संपेपर्यंत काउंटरवर होती. मग एके दिवशी नव्हती. झेरॉक्स गेली, टाचणी राहिली. हातानं फिरवायचं यंत्र देवकाबाईंनी उकळत्या पाण्यानं धुतलं, आणि भिजवलेली मूगडाळ त्यात इतकी झकास निघू लागली की त्या वर्षी गल्लीतल्या सगळ्या घरांच्या मुगवड्या त्यातूनच झाल्या.

मे महिन्यात सपनाला मुलगी झाली. जूनमध्ये अपेक्षाला मुलगा. अपेक्षाचं रक्त बरंच गेलं, पण जायला अंगात होतं म्हणून निभावलं. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा देवकाबाई कढीपत्ता तोडत होत्या. त्या तिथंच झाडाखाली बसल्या, हातातली डहाळी तशीच.

पावसाळ्यात कुणी एक गिऱ्हाईक केळझरहून आलं. सोयाबीनचं बियाणं बांधून घेतलं आणि जाता जाता विचारलं, "भाऊ, ते रक्त वाढवाचं तुमच्याकडे भेटते म्हने?"

प्रभाकररावांनी पिशवीला गाठ मारली. घराकडच्या दाराकडे एकदा पाहिलं.

"त्याचं घरात विचारा," ते म्हणाले. "अन् पेरून झालं का हात धुजो. साबनानं."